उंबऱ्याजवळची कोथिंबीर

आजच्या कार्यक्रमात आम्ही कोथिंबिरीबद्दल बोलणार आहोत. हसू नका. कांद्यावर, डाळिंबावर, सोयाबीनवर बोलायला मोठमोठी माणसं येतात. कोथिंबिरीवर बोलायला कुणी येत नाही, कारण तिला कुणी पीकच समजत नाही. दोन किलो वांगी घेतली की भाजीवाल्याकडून फुकट मागून घ्यायची वस्तू, एवढीच तिची किंमत. पण आषाढ-श्रावणात फुकट सोडा, मागे मागे फिरलं तरी ती मिळत नाही. हिवाळ्यात आठवडी बाजारात पाच रुपयाला पडलेली जुडी पावसाळ्यात तीस-चाळीसला जाते. मग आमटी बिनाकोथिंबिरीची होते आणि ताटावर बसलेला माणूस विचारतो, आज वरून काही घातलं नाही का?

भाव का वाढतो हे आपल्याला माहीत आहे. पानं नाजूक, पावसाचा मार बसला की चिखल उडून खराब होतात. वाफ्यात पाणी साचलं की मुळं कुजतात. काढलेली जुडी ओली असेल तर बाजारात पोचेपर्यंत पिवळी पडते. म्हणजे मोठ्या रानातल्या शेतकऱ्याला जे राखता येत नाही, ते आपल्याला पत्र्याच्या पडवीखाली चार गोण्यांत राखता येतं. इथे लहान असण्याचा फायदा आहे.

आमचा भाग कमी पावसाचा. गटातल्या निम्म्या बायकांच्या नावावर जमीन नाही, काहींच्या घरातच जमीन नाही. परसबाग करा म्हटलं की त्या विचारतात, परस कुठाय? उमेद अभियानाच्या पोषण परसबागेची माहिती आम्ही देतो तेव्हाही हाच प्रश्न येतो. गोलाकार वाफे, सात-आठ भाज्या, वेलाला मांडव, हे ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी जरूर करावं. ज्यांच्याकडे फक्त उंबरा आहे आणि उंबऱ्याबाहेर दोन हात जागा आहे, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे.

सुरुवात बियाण्यापासून. कोथिंबिरीचं बी म्हणजे धणे, आणि धणे मसाल्याच्या डब्यात आहेतच. पण ते उगवतील की नाही हे डब्याला माहीत नसतं. भाजलेले धणे उगवत नाहीत. दोन-तीन वर्षं पडून राहिलेले थोडेच उगवतात. दुकानातून सुटे घ्याल तर मूठभर हातात घेऊन चोळा, वास घ्या. नवीन धण्याचा वास नाकात चढतो, जुन्याला नुसता धुळीचा वास येतो. दाणा भरीव, गोल, अख्खा हवा.

तरीही खात्री नसेल तर घरीच तपासता येतं. २० धणे मोजून ओल्या सुती फडक्यात ठेवा, फडकं गुंडाळा आणि डब्यात झाकून ठेवा. रोज थोडं पाणी शिंपडा. ८-१० दिवसांनी उघडून मोजा. १२-१४ दाण्यांना मोड दिसले तर बी चांगलं. ८-१० ना आले तर जरा दाट पेरा. चार-पाचच आले तर ते धणे मसाल्याला वापरा आणि दुसरे आणा. माती भरून, पाणी घालून महिनाभर वाट पाहण्यापेक्षा फडकं बरं. हीच तपासणी मेथीला चालते, पालकाला चालते, आणि घरच्या सोयाबीनच्या बियाण्यालासुद्धा. पेरणीआधी घरातल्या पुरुषांनाही सांगा.

कृषी सेवा केंद्रातलं पाकीट आणलं तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. ते बी पुष्कळदा गुलाबी, हिरवं, निळं रंगवलेलं असतं. तो रंग औषध लावल्याची खूण आहे. उरलेलं बी मसाल्याच्या डब्यात टाकायचं नाही, पोरांच्या हाती लागू द्यायचं नाही, कोंबड्यांनाही घालायचं नाही. हात साबणाने धुवायचे. हे आम्ही दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी कुणाच्या तरी फडताळात ते पाकीट जिऱ्या-मोहरीशेजारी सापडतं.

आता धण्याची गंमत. आपण ज्याला एक बी म्हणतो त्यात दोन बिया असतात. धणा मधोमध फुटतो आणि त्याची दोन टरफलं होतात, प्रत्येकात एक बी. म्हणून पेरण्याआधी धणे रगडतात. शेतात चपलेने रगडतात, विटेने रगडतात. आमच्या एका गटातल्या आजींना ते पटत नाही. खायच्या धान्याला पायताण कशाला लावायचं, असं त्या म्हणतात. त्यांचं बरोबर आहे आणि त्याची गरजही नाही. फडक्यावर धणे पसरा, वर दुसरं फडकं टाका आणि लाटणं हलक्या हाताने फिरवा. दाण्याचे दोन भाग व्हायला हवेत, भुकटी नाही. पाटा-वरवंट्याने करू नका, आतला अंकुर चिरडतो. मिक्सरचं तर नावच नको.

रगडलेले धणे रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला. १२ तास पुरे. पाणी तपकिरी होतं, ते ओतून द्या. मग मटकीला मोड आणतो तसं ओल्या फडक्यात एक दिवस बांधून ठेवा. मोड दिसायची वाट पाहू नका, दाणा फुगला की पेरा. मोड लांब झाले तर पेरताना मोडतात. असं केलेलं बी साधारण ८-१० दिवसांत वर येतं. कोरडे अख्खे धणे टाकले तर पंधरवडा लागतो, थंडीत त्याहून जास्त. पुष्कळ जणी आठव्या दिवशी आशा सोडतात आणि तीच माती उकरून दुसरं काहीतरी लावतात. धीर धरा.

कशात लावायचं? विकतची कुंडी नको. खताची रिकामी गोणी चांगली धुऊन, अर्ध्यापर्यंत दुमडून घ्या. तेलाचा पत्र्याचा डबा आडवा कापा. फुटकी बादली, गळकं घमेलं, फळांचं प्लॅस्टिकचं क्रेट आतून गोणपाट लावून, काहीही चालतं. खोली एक वीत हवी. कोथिंबिरीचं मूळ मुळ्यासारखं सरळ खाली जातं, त्यामुळे उथळ ताटलीत ती वाढत नाही. याच कारणाने ती रोपं काढून दुसरीकडे लावायची नाही. जिथे पेरली तिथेच वाढवायची. बुडाला सात-आठ भोकं पाडा आणि भोकांवर खापराचे तुकडे ठेवा म्हणजे माती वाहून जात नाही.

एकच भांडं अजिबात चालणार नाही. फवारणीच्या औषधाचा डबा. कितीही धुतला, उन्हात वाळवला, राखेने घासला तरी नाही. त्यात पाणी नाही, धान्य नाही, भाजी नाही. हा डबा घरात दिसला तर भोकं पाडून निकामी करा.

माती आमच्या भागात काळी. ती ओली झाली की चिकटते आणि वाळली की भेगा पडून मुळं तोडते. म्हणून दोन पाट्या माती, एक पाटी जुनं कुजलेलं शेणखत आणि अर्धी पाटी वाळू असं मिसळा. वाळू नसेल तर भाताचं तूस चालतं. तांबडी माती असेल तर वाळू नको, शेणखत थोडं वाढवा. शेणखत काळं, भुसभुशीत, वास नसलेलं हवं. ओलं शेण घातलं तर ते कुजताना तापतं आणि कोवळं मूळ जळतं, शिवाय हुमणीची अळी त्यातूनच येते.

पेरताना मातीत बोटाने रेघा ओढा, दोन रेघांत चार बोटं अंतर. बी फार खोल नको, अर्ध्या पेराएवढं. वर भुरभुरून माती टाका, हाताने हलकं दाबा. दीड फूट लांब, एक फूट रुंद अशा गोणीला एक लहान मूठ धणे पुरतात. पाणी तांब्याने ओतू नका, सगळं बी एका कोपऱ्यात वाहत जातं. बाटलीच्या झाकणाला दाभणाने भोकं पाडली की झारी तयार. वर ओलं गोणपाट झाका. पहिला हिरवा ठिपका दिसला त्याच दिवशी गोणपाट काढा, नाहीतर रोपं पिवळी आणि लांबुडकी होतात.

यानंतर खरा शत्रू येतो. मावा नाही, भुरी नाही. कोंबडी. नुकतीच भुसभुशीत केलेली ओली माती पाहिली की कोंबडीला राहवत नाही. शेजारणीची असेल तर भांडण, आपली असेल तर बोलायची सोय नाही. बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाका. जुनी मच्छरदाणी फाटली असेल तर तिचा तुकडा चार काड्यांवर ताणा, चिमण्याही येत नाहीत आणि उन्हाळ्यात सावली मिळते ती वेगळीच. शेळ्या असलेल्या घरात गोण्या उंचावर, ओट्यावर नाहीतर कठड्यावर.

जागेचं गणित ऋतूप्रमाणे बदलतं. थंडीत दिवसभर ऊन चालतं. उन्हाळ्यात सकाळचं ऊन आणि दुपारी सावली पाहिजे, म्हणजे घराच्या पूर्वेला नाहीतर लिंबाखाली. पावसाळ्यात छपराखाली, पण पागोळ्या जिथे पडतात त्या रेघेत नको. पागोळीचं पाणी एकाच ठिकाणी पडून माती खणतं. गोणी एक हात आत सरकवा. गोणी हलवता येते, वाफा हलवता येत नाही. हलक्या गोणीचं म्हणूनच आम्हाला कौतुक आहे.

पाण्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो. तांदूळ-डाळी धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी बिनधास्त घाला. साबणाचं, भांड्याच्या पावडरीचं, अंघोळीचं पाणी कोथिंबिरीला नको. ते केळीला, शेवग्याला, नारळाला द्या. गटाराचं पाणी तर मुळीच नाही. आपण कोथिंबीर कच्ची खातो, वरून भुरभुरतो. त्या पाण्यातली घाण थेट पोराच्या पोटात जाते. घरची असली तरी खाताना दोन पाण्यांनी धुवायचीच. आणि बोट घालून पाहिल्याशिवाय पाणी घालू नका. वरची माती कोरडी वाटली तर पाणी, ओली असेल तर आज नाही. जास्त पाण्याने रोपं देठाशी काळी पडून आडवी होतात, त्याला मर म्हणतात, आणि एकदा आडवं झालेलं रोप उठत नाही.

उगवून पंधरा दिवस झाले की दाट झालेली रोपं उपटून विरळ करा. ती फेकू नका, चटणीत घाला, त्यांचा वास फार छान असतो. उपटताना एक लक्षात ठेवा. गाजरगवताचं कोवळं रोप, ज्याला काही जणी काँग्रेस म्हणतात, दिसायला जरा कोथिंबिरीसारखं वाटतं. पान चोळून वास घ्या. कोथिंबिरीचा वास आला तर ठेवा, नाही आला तर उपटा. गाजरगवताने कित्येकांच्या अंगाला खाज सुटते.

याच सुमाराला जीवामृत असेल तर पातळ करून प्रत्येक गोणीला एक पेला मुळाशी द्या. नसेल तर गोमूत्र एक वाटी आणि पाणी दहा वाट्या. काही जणी युरियाची चिमूट टाकतात. पानं गडद होतात, हे खरं. पण ती लुसलुशीत कोथिंबीर मावा ओढून आणते आणि कापल्यावर दुसऱ्या दिवशी लिबलिबीत होते. आम्हाला ती पटत नाही.

मावा आला, म्हणजे देठाला बारीक हिरवे-काळे किडे चिकटले, तर पाण्याचा जोर देऊन धुवा. नाही गेले तर निंबोळी अर्क. ५० ग्रॅम सुक्या निंबोळ्या कुटून रात्रभर १ लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि संध्याकाळी फवारा. नंतर तीन-चार दिवस कापू नका. थंडीत पानांवर पांढरी भुकटी दिसते ती भुरी. ती पानं खुडून टाका, गोण्या एकमेकींपासून दूर सरकवा, वारा खेळू द्या.

४० ते ४५ दिवसांत कोथिंबीर कापायला येते. बाजारात मुळासकट उपटलेली मिळते, कारण ती जास्त टिकते. घरी उपटायची नाही. दोन बोटं देठ ठेवून कात्रीने कापा, पाणी द्या, पंधरा-वीस दिवसांत ती पुन्हा येते. दुसरी कापणी पहिलीपेक्षा कमी, तिसरी अगदीच विरळ. मग माती उलथायची, मूठभर शेणखत मिसळायचं आणि नवीन बी.

सगळ्या गोण्या एकाच दिवशी पेरल्या तर एक आठवडा कोथिंबिरीच्या वड्या आणि पुढचा महिना पुन्हा बाजार. पाच गोण्या असतील तर दर ८-१० दिवसांनी एकेक पेरा. एक उगवते आहे, एक वाढते आहे, एक कापायला आली आहे, असं चक्र सुरू राहतं. कॅलेंडरवर पेरल्याची तारीख लिहा. गटाचा हप्ता जिथे लिहिता तिथेच.

आता या सगळ्यात मिळतं किती, हे विचाराल. आमच्या एका गटातल्या ताईंचं सांगतो. नाव सांगू नका असं त्यांनीच म्हटलंय. नवरा वारला, सात-बारावर नाव लागलं नाही, दोन लेकरं घेऊन सासरीच एका खोलीत राहतात. मजुरीला जातात, पण भर पावसात मजुरी खंडते. गटाची बचत महिन्याला १०० रुपये. त्यांची तीन महिन्यांची थकली होती आणि वर दंड ३० रुपये. बैठकीत त्या म्हणाल्या, माझं नाव कमी करा. गटातून नाव कमी झालं असतं तर अंतर्गत कर्जही बंद, आणि मग पोराच्या आजारपणाला सावकारच.

जून उजाडला होता. त्यांच्या दाराशी पाच गोण्या लागल्या. गोण्या गटातल्या बायकांनी दिल्या, शेणखत शेजारणीने दिलं, धणे त्यांच्या घरचे. सासूबाई आधी म्हणाल्या, दाराचा उकिरडा केला. जुलैच्या शेवटी पहिली गोणी कापायला आली तेव्हा बाजारात जुडी ४० रुपयांवर गेली होती. त्यांनी जुडी बांधलीच नाही. १० रुपयाला लहान मूठ, आळीतल्या आळीत. कुणालाही रोज मूठभरच लागते, तालुक्याला जायला नको, गाडीभाडं नाही. सप्टेंबरअखेर घरी खाऊन ५८० रुपये झाले. थकलेले ३००, दंडाचे ३०, ऑगस्ट-सप्टेंबरचे २०० असे ५३० रुपये त्यांनी गटात भरले. उरलेल्या ५० रुपयांचं काय केलं ते आम्ही विचारलं नाही. बायकांना सगळ्या पैशांचा हिशेब द्यावा लागतो, ५० रुपयांचा एकदा तरी नको.

५८० रुपयांत घर चालत नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण प्रशिक्षणात कुणीतरी येऊन लाखाच्या गोष्टी सांगून जातं. हिवाळ्यात हेच करायला गेलात तर मुठीला दोन रुपयेही कुणी देणार नाही. कमाई पावसाळ्याचे दोन-तीन महिने आणि कडक उन्हाळ्याचा थोडा काळ. बाकी दिवस ती घरी खायची. तेही कमी नाही.

खाण्याबद्दलही थोडं. हिरव्या कोथिंबिरीत क जीवनसत्त्व असतं. अन्नातलं लोह अंगी लागायला ते मदत करतं. बाजरीची भाकरी, हरभरा, मटकी, पालेभाजी यांत लोह आहे, पण ते सगळं अंगी लागत नाही. जोडीला कोथिंबीर, लिंबू, आवळा असला तर जास्त लागतं. मात्र क जीवनसत्त्व उकळीने कमी होतं, म्हणून आमटी चुलीवरून उतरवल्यावर वरून घाला. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, तो उलट काम करतो. कोवळी देठं फेकू नका, ठेच्यात जातात. पण ज्यांचं रक्त कमी निघालंय त्यांनी कोथिंबीर खाते म्हणून लोहाच्या गोळ्या सोडायच्या नाहीत. चिमूटभर कोथिंबिरीने हिमोग्लोबिन भरून निघत नाही. आशाताईंनी दिलेल्या गोळ्या पूर्ण घ्या.

आता पार्सलीचं. गेल्या वर्षी आमच्या एका गटातल्या ताईंच्या मुलाने, तो पुण्यात हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे, पार्सलीच्या बियांची पुडी आणली. म्हणाला, ही परदेशी कोथिंबीर, हॉटेलात महाग घेतात, लावा. गटात एकदम उत्साह. कुणी म्हणालं, दहा गुंठे करू.

पार्सली कोथिंबिरीच्याच घराण्यातली. गाजर, शेपू, बडीशेप, ओवा, जिरं, सगळी एकाच कुळातली भावंडं. ती मूळची भूमध्य समुद्राकडची, थंड हवा आवडणारी. एक जात कुरळ्या पानांची, ताटाच्या शोभेला ठेवतात ती, आणि एक सपाट पानांची, आपल्या कोथिंबिरीसारखी दिसणारी. लेबनॉनकडे तिची बारीक चिरून भरपूर कोशिंबीर खातात. बी ओव्यासारखं बारीक आणि उगवायला फार हट्टी. इंग्लंडच्या खेड्यांत जुने लोक म्हणायचे, पार्सलीचं बी वर येण्याआधी सैतानाकडे जाऊन येतं, कुणी म्हणे सात वेळा, कुणी म्हणे नऊ. आमच्याकडे दिवाळीनंतर दोन डब्यांत पेरलं. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, अगदी वरवर, नखभर मातीखाली. एकविसाव्या दिवशी पहिलं पान दिसलं. तोवर माती एकदाही सुकू द्यायची नाही, हेच तिचं सगळं गुपित. पुढे मात्र ती कोथिंबिरीपेक्षा गुणी. बाहेरच्या काड्या मुळाशी खुडायच्या, मधून नवीन येत राहतात. दोन-तीन कापण्यांत संपत नाही, थंडीभर चालते. आपल्या उन्हाळ्यात कोमेजते.

चव? आजींनी पान चावून सांगितलं, कोथिंबीर करायला गेली आणि गवत झालं. भाजीत घातली तर वाईट लागत नाही, पण आपल्या जिभेला ती कोथिंबीर वाटत नाही. गरोदर बायकांनी ती औषध म्हणून काढा करून किंवा जास्त प्रमाणात खाऊ नये.

विक्रीचं आम्ही त्या मुलाकडूनच नीट विचारून घेतलं. हॉटेलला एकदम पोतं नको, रोज थोडी थोडी, ताजी, एकसारखी लागते. ती पुरवणारा व्यापारी ठरलेला असतो. आपण इथून एसटीने रोज अर्धा किलो पाठवायची तर भाड्यातच पैसे जाणार. गटाने वहीत प्रश्न लिहिले होते. कोण घेणार, रोज किती, काय भावाने, पैसे किती दिवसांनी, उरलेला माल कुणाचा. पाचातल्या तिन्ही-चारी प्रश्नांना उत्तर मिळालं नाही. दहा गुंठे राहिले. ज्यांचं गाव पुण्या-मुंबईच्या जवळ आहे, जिथे शेजारीच पर्यटकांची हॉटेलं आहेत, त्यांचं गणित वेगळं असू शकतं. त्यांनीही आधी दोन डबे लावावेत, घेणाऱ्याला नमुना दाखवावा आणि मगच रानात उतरावं. पीक कोणतंही असो, कर्ज काढण्याआधी हेच पाच प्रश्न वहीत लिहा.

शेवटी बियाण्याचं. उन्हाळा लागला की कोथिंबीर एकदम उंच होते, पानं शेपूसारखी बारीक होतात आणि तुरा येतो. बऱ्याच जणींना वाटतं, रोग पडला. रोग नाही, ती बी धरायला निघाली. तुरा खुडला तर चार-आठ दिवस मिळतात, त्याहून जास्त नाही. पण एक गोणी मुद्दाम तशीच सोडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेली त्यासाठी उत्तम. तिची पानं एकदाच कापा, फार ओरबाडू नका. जानेवारीत पांढरी-गुलाबी फुलं येतील, मधमाश्या येतील. फुलात असताना काहीही फवारू नका. मग हिरवे धणे लागतात. ते हिरवे धणे चटणीत घालून पाहा, मिरची आणि मीठ एवढंच, आम्हाला तर कोथिंबिरीपेक्षा तेच आवडतात.

बियाण्यासाठी मात्र थांबा. निम्मे दाणे पिवळट-तपकिरी झाले की सकाळी दव असताना झुपके कापा, दुपारी कापले तर गळून जातात. जुन्या उशीच्या अभ्र्यात उलटे टांगा, आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्या. मग चोळा, पाखडा. एका गोणीतून दोन-तीन मुठी निघतात, म्हणजे पुढच्या पावसाळ्याच्या दोन-तीन गोण्यांचं बी घरचं झालं. कोरड्या डब्यात, वाळलेली लिंबाची पानं घालून, झाकणावर महिना आणि साल लिहून ठेवा. आणि तो डबा मसाल्याच्या फडताळात ठेवू नका, नाहीतर सून फोडणीत टाकेल. मागच्या मार्चमध्ये एका घरी असंच झालं आणि दोष बिचारीला मिळाला, डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

ज्यांना आजपासून सुरुवात करायची आहे त्यांनी रात्री झोपण्याआधी मूठभर धणे रगडून भिजत घाला. उद्या सकाळी फडक्यात बांधा, आणि तेवढ्या वेळात गोणी धुऊन माती कालवून ठेवा. परवा सकाळी पेरणी. काही अडलं तर गटाच्या बैठकीत तुमच्या सीआरपी ताईंना विचारा.